चार बोटं उत्तरेला

१

राखणदाराला एक काम असं यायचं की कुणीही बघत राहावं. ते काम म्हणजे लोकांची वाट चुकवणं.

आता राखणदारानं वाट दाखवायची की चुकवायची, असं कुणीही विचारेल. पण हा राखणदार होता सरकारी माळावरच्या आमरीचा. आमरी म्हणजे शहरातले लोक जिला ऑर्किड म्हणतात ती. कुंडीत मिरवणारी नव्हे, तर मातीतून उगवणारी, वीतभर उंचीची, पांढुरकी. पटकन नजर टाकली तर गवतच वाटेल. ही जात उरली होती ती याच माळावर. मग काय, चोर कंद उकरून न्यायला यायचे आणि हौशी मंडळी कॅमेरे गळ्यात अडकवून यायची. एका फुलाचा फोटो काढायचा म्हणून दहा कोंब तुडवून जायची, वर ‘अहाहा’ म्हणायची. म्हणून खात्याचा नियम होता, जागा कुणालाही सांगायची नाही. नोंदवहीतसुद्धा ती थोडी सरकवून लिहायची. खरी जागा फक्त साहेबांच्या कपाटात आणि राखणदाराच्या डोक्यात.

गावाकडून येणाऱ्या रस्त्याला फाट्यावर तीन तोंडं फुटत. वरचा रस्ता माळाला, मधला कर्मचाऱ्यांच्या दहा घरांच्या वसाहतीला आणि खालचा बंद पडलेल्या दगडाच्या खाणीला. फुलांचे सहा आठवडे सुरू झाले की राखणदार फाट्यावरची बाणाची पाटी उपटायचा आणि ‘माळ’ लिहिलेला बाण खालच्या रस्त्याकडे करून पुन्हा रोवायचा. कुणी पाटीवर विश्वास न ठेवता विचारायला आलंच, तर हा हसून, हात लांब करून सांगायचा, “खालच्या रस्त्यानं सरळ जा. अगदी सोपं आहे.” इतक्या मायेनं सांगायचा की माणूस आभार मानून खाणीकडे चालू लागायचा. संध्याकाळी जेवताना तो बायकोला त्यांच्या नकला करून दाखवायचा.

बाकीचं काम मोजणीचं. नवं रोप सापडलं की पत्र्याच्या बिल्ल्यावर ठशांनी नंबर ठोकायचा आणि तो बिल्ला खिळ्यानं जमिनीत बसवायचा. खिळा रोपाच्या उत्तरेला, चार बोटांवर. म्हणजे रोप दिसलं नाही तरी खिळ्यावरून नेमकी जागा कळते. त्याच्या ठशांतल्या पाचाची शेपटी तुटलेली होती, त्यामुळे माळावरचे सगळे पाच लांडे होते. साहेब म्हणायचे, नवे ठसे मागवून घे. हा म्हणायचा, आपल्या हातचं ओळखू येतं साहेब, राहू द्या.

नोंदवहीत लिहायचं ते मोजकंच. दिसली. दिसली, दुबळी. किंवा झोपलेली. आमरीची ही एक खोड असते. एखाद्या वर्षी ती वर येतच नाही, कंद मातीखाली जिवंत पडून राहतो. अशा रोपाला मेलं म्हणायचं नाही, खिळा काढायचा नाही, सात वर्षं वाट बघायची. सातव्या वर्षी मुकाट्यानं वर आलेली रोपं राखणदारानं स्वतः पाहिली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला ते आवडलं नव्हतं, पण तसं तो कुणाला बोलला नाही.

गेल्या वर्षी शेवटचा नंबर पडला तो दोनशे बारा.

२

गेल्या वर्षी आणखीही एक गोष्ट घडली होती. त्याला विचाराल तर काहीच घडलं नव्हतं.

भर दुपारी मास्तर आले. ही आमरी पहिल्यांदा पाहिली ती मास्तरांनी, खात्याला कळवलं ते त्यांनीच, आणि माळ राखीव झाला तोही त्यांनी अर्ज करून करून कचेरीचे उंबरठे झिजवले म्हणून. राखणदाराला ही नोकरी लागली ती त्यांच्यामुळेच म्हणायची. शाळेत त्यांनी त्याला शिकवलंही होतं. आता हातात काठी होती आणि एका डोळ्याचं दिसणं गेलं होतं.

“एकदा बघून जातो रे,” मास्तर पायरीवर बसत म्हणाले. “पुढच्या वर्षी दुसरा डोळा काय म्हणतोय कुणास ठाऊक.”

नाही म्हणता आलं असतं. पण मास्तरांना नाही म्हणायचं म्हणजे तासभर वाद, मग साहेबांना फोन. इकडे ताट वाढलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाच वाट चुकवायची, या कल्पनेनं त्याला आतून गुदगुल्या झाल्या. बायकोनं मास्तरांना पाणी दिलं. ते त्यांनी सावकाश प्यायलं आणि आपल्या सवयीप्रमाणे पेला पायरीवर पालथा घातला.

राखणदारानं मुलीला हाक मारली. मुलीचं लाडाचं नाव ठमी, पण अंगानं अगदी काडी. सात वर्षांची, दम्याची, दोन पायऱ्या चढली की धापा टाकणारी.

“आजोबांना फाट्यापर्यंत सोड,” तो मोठ्यानं म्हणाला. मग खाली वाकून तिच्या कानात कुजबुजला, “तिथे गेल्यावर खालचा रस्ता दाखव हं. गंमत करायची आपल्याला. आईला नाही सांगायचं.”

ठमी मास्तरांचं बोट धरून गेली आणि थोड्या वेळानं एकटीच खुदुखुदु हसत परत आली. खाणीच्या तोंडाला पूर्वी कुंपण होतं. ते चोरीला जाऊन दोन वर्षं झाली होती. राखणदाराला हे माहीत होतं, पण जेवताना ते काही त्याला आठवलं नाही.

मास्तर तिसऱ्या दिवशी खाणीत सापडले. त्याआधी यानं पाटी सरळ करून ठेवली होती. चौकशीला माणसं आली तेव्हा तो म्हणाला, “मास्तर? छे हो, आमच्याकडे कुणी आलंच नाही.” बायको दाराआड उभी होती. माणसं गेल्यावर ती म्हणाली, “अहो, मी पाणी दिलं होतं त्यांना.”

“दिलंस तर दिलंस. ठमीनं फाट्यावर सोडलं, पुढे ते कुठे भरकटले त्याला आपण काय करणार? नोकरी घालवायची आहे का माझी?”

ठमीला त्यानं तिला हवी होती ती शिट्टी आणून दिली. तिची फुंकर त्या शिट्टीला पुरायची नाही. आवाज निघायच्या ऐवजी नुसती हवा निघायची.

“बाबा, आजोबांना फुलं दिसली का?” तिनं एकदा विचारलं.

“दिसली की,” तो म्हणाला.

३

या वर्षी फुलं लागली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोनं केर काढता काढता हाक मारली. “अहो, तुमचं सामान घरभर का पसरून ठेवता? ठमीच्या पायात गेलं असतं म्हणजे?”

ठमीच्या पलंगाजवळ, दोन फरश्यांच्या सांध्यात, एक खिळा ठोकलेला होता. खिळ्याला पत्र्याचा बिल्ला. त्यावर २१५. पाच लांडा.

राखणदारानं पहिल्यांदा जाड्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. जाड्या म्हणजे वसाहतीतला दुसरा राखणदार, दुसऱ्याची खोडी काढल्याशिवाय ज्याला अन्न पचत नसे. पण ठसे पेटीत होते, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली याच्या कमरेला. मग त्याला वाटलं, आपणच ठोकला असेल आणि विसरलो. माणूस कामाच्या नादात काय वाटेल ते करतो. पण दोनशे पंधरा कसा? अजून दोनशे तेराच पडायचा होता.

तेरा आणि चौदाही सापडले. चौदा ओट्याखाली, बायको उभी राहते तिथे. तेरा त्याच्या खुर्चीपाशी. तो खुर्चीत बसला, वाकून खिळ्यापासून टाचेपर्यंत बोटं टेकवली. चार. तो उठला, दुसरीकडून मोजलं, तरी चारच. घराची उत्तर कुठली हे त्याला मोजायची गरज नव्हती.

त्यानं पकडीनं तिन्ही खिळे उपटले आणि जाड्याच्या दारात जाऊन आपटले. “गंमत पुरे झाली!”

जाड्यानं बिल्ले हातात घेऊन पाहिले. “तुझेच आहेत की. ठशांच्या पेटीची किल्ली तुझ्या कमरेला, ती मला कुठून मिळणार?” मग तो डोळे बारीक करून म्हणाला, “बरा आहेस ना रे? चेहरा बघ कसा उतरलाय.”

दुसऱ्या दिवशी माळावरून परत आला तर तिन्ही खिळे जागच्या जागी होते. बायको दिवसभर घरातच होती.

“ठोकल्याचा आवाज नाही आला?”

“आला ना,” बायको म्हणाली. “मला वाटलं तुम्हीच आहात.”

त्यानं नोंदवही उघडली. दोनशे बाराच्या खाली, त्याच्याच अक्षरात, त्याच्याच बोथट पेन्सिलीनं तीन ओळी होत्या. २१३, दिसली. २१४, दिसली. २१५, दिसली, दुबळी.

त्यानं ते पान फाडलं, चुरगाळलं, खिशात घातलं. मग थोडं हसूनही पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते हसू त्याला पुढे नेता आलं नाही.

४

मग घराभोवतालचं गवत गेलं. आमरीला सावली होऊ नये म्हणून राखणदार माळावर तिच्याभोवती हातभर गवत मुळासकट उपटायचा, तसं त्याच्या घराभोवती कुणीतरी उपटलं होतं, अगदी गोल. दोन दिवसांनी ठमीच्या खिडकीला बारीक विणीची तारेची जाळी लागली. गुरांनी खाऊ नये म्हणून माळावर रोपांवर टोपलं ठेवतात, त्याच तारेची.

“खात्यानं बसवली वाटतं,” बायको खूश होऊन म्हणाली. “बरं झालं बाई, डासांचा उच्छाद होता.”

त्यानं तारेवरून बोट फिरवलं. डास गेले होते हे खरंच होतं.

दूधवाला येईनासा झाला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “अहो, रोज येतो की! तुमचं घरच सापडत नाही. नऊ घरं मोजतो आणि दूध घेऊन परत जातो.” समोरच्या घरातली म्हातारी अंगणात उभी होती. बायकोनं तिला हाक मारली तर तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, “अगं बाई, तुम्ही इथे राहता होय! मी पार विसरूनच गेले.” आठ वर्षं शेजार होता त्यांचा.

मग ठमीचा मामा यायचा होता. सकाळी दहाला पोचायचा माणूस, दुपारी दोनला त्याचा फोन आला.

“दाजी, हा काय प्रकार आहे? तीनदा फाट्यावर गेलो, तिन्ही वेळा मधल्याच रस्त्याला लागलो, आणि तिन्ही वेळा खाणीपाशी आलो. इथे साधं कुंपणही नाही हो. गाडी थोडक्यात वाचली.”

“तिथेच थांब, मी न्यायला येतो.”

“नको,” मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. “मी परत जातो. इथे पलीकडे कुणीतरी बसलंय आणि माझ्याकडे बघून मान हलवतंय, नाही म्हणून. ताईला सांगा नंतर येईन.”

तो नंतर आला नाही. राखणदार त्या संध्याकाळी फाट्यावर जाऊन आला. पाटी सरळ होती. या वर्षी त्यानं ती फिरवलीच नव्हती, मास्तरांच्या प्रकरणानंतर धजावलाच नव्हता तो. त्यानं रोजचा रस्ता धरला आणि पाच मिनिटांत घरी पोचला. त्याला स्वतःला काहीच अडचण येत नव्हती. आपलं घर कुणीतरी लपवलंय, आणि ते लपवणाऱ्याला हे काम उत्तम येतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं. ठमीला उचलून कायमचं इथून निघून जावं, असं त्याला त्या दिवशी खरंच वाटलं होतं. पण मोजणी संपायला तीन आठवडे होते आणि साहेब रजा देत नव्हते.

५

गुरुवारी दुपारी चारला ठमीचा श्वास अडकला.

तिला अटॅक यायचे, पण पंपाच्या दोन दाबांत ते उतरायचे. या वेळी चार दाब झाले, सहा झाले. ओठ निळे पडायला लागले. ती पलंगावर ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि मानेच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या. छातीतून येणारा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जात होता. राखणदाराचं त्या पोरीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. पंप पुन्हा पुन्हा तिच्या तोंडाशी तोच धरत होता.

बायकोनं दवाखान्यात फोन लावला. “हलवू नका, बसवून ठेवा,” तिकडची बाई म्हणाली. “गाडी निघालीच. ऑक्सिजन आहे गाडीत. पत्ता सांगा.”

“फाट्यावरून मधला रस्ता,” बायको ओरडून सांगत होती. “मधला! वसाहत! शेवटचं घर!”

दहा मिनिटांत सायरन ऐकू आला. जवळ आला, मग लांब गेला. मग घराच्या मागच्या बाजूनं आला, जिथे रस्ताच नाही. मग थांबला.

“अहो, जा ना! फाट्यावर जाऊन उभे राहा!” बायकोनं त्याला अक्षरशः ढकललं.

तो धावला. आयुष्यात कधी धावला नसेल असा धावला. फाट्यावर पोचला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स गावाच्या बाजूनं पुन्हा फाट्याकडे येत होती. ड्रायव्हरनं काच खाली केली. घामाघूम झाला होता बिचारा.

“अहो, ती वसाहत कुठेय? लहान पोरगी आहे म्हणे.”

मधला रस्ता. दोनच शब्द होते. ते राखणदाराच्या तोंडात तयार होते, जिभेच्या टोकावर. त्याचा उजवा हात वर आला, लांब झाला, आणि तोंडावर ते हसू आलं. त्यानं ते आणलं नव्हतं.

“खालच्या रस्त्यानं सरळ जा,” तो म्हणाला. “अगदी सोपं आहे.”

“देवासारखे भेटलात,” ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी वळवून खालच्या रस्त्याला लागला.

राखणदार तसाच उभा राहिला. हात अजून लांबच होता. दुसऱ्या हातानं त्याला तो खाली करावा लागला. मग तो ओरडला, गाडीच्या मागे दहा पावलं पळाला, पण सायरनपुढे त्याची हाक कुणाला ऐकू जाणार? पोरीला खांद्यावर घेऊन आपणच पळायचं, असं ठरवून तो घराकडे वळला. वाटेत त्याला कुणीही भेटलं नाही. रस्ता एकच होता आणि दोन्ही बाजूंना काटेरी तार होती.

बायको पायरीवर बसली होती. शांत, केस सारखे करत.

“अहो, उगाच घाबरलो आपण. बरं वाटलं तिला. एकदम मोकळा झाला श्वास.”

“कुठे आहे ती?”

“आत्ताच गेली. कुणीतरी आले होते, पाणी मागितलं, वाट विचारली. ठमी टुणकन उठून म्हणाली, मी दाखवते, मला ठाऊक आहे. फाट्यापर्यंतच गेलीय. शिट्टी घेऊन गेलीय बरोबर.” बायकोनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “असे काय बघताय? तुम्हीच नाही का पाठवलं होतं तिला मागच्या वेळी?”

“कोण आलं होतं?”

“उन्हाकडे पाठ होती हो. मला नीट दिसलं नाही.”

“काठी होती?”

बायको आठवू लागली. “ऐकू आली,” ती म्हणाली. “पाहिली नाही.”

तिच्या शेजारी पायरीवर पेला होता. पालथा घातलेला.

आणि तेवढ्यात लांबून, खालच्या रस्त्याच्या बाजूनं, शिट्टी वाजली. चांगली खणखणीत वाजली. ठमीला ती आजवर कधी वाजवता आली नव्हती.

६

खाणीच्या तोंडाशी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, मागची दारं उघडी. दोघं जण दोर धरून वर येत होते. मधे स्ट्रेचर होतं, आणि त्यावर जे होतं त्यानं स्ट्रेचरची अर्धी लांबीसुद्धा भरली नव्हती.

ड्रायव्हरनं राखणदाराला पाहिलं आणि धावत येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

“आम्ही येड्यासारखे वसाहत शोधत होतो. तुम्ही सांगितलंत म्हणून नेमक्या जागी आलो. पण काय करणार, आमच्या डोळ्यांदेखत गेली हो ती. चालत आली आणि पुढेच गेली. थांब थांब म्हणून ओरडलो.” त्यानं डोळे पुसले. “कुणाची आहे, तुम्हाला ठाऊक आहे का?”

गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी चादर पोरीच्या तोंडावरून नीट ओढली. बाईंच्या हातातला ऑक्सिजनचा मास्क तसाच होता, न वापरलेला.

राखणदार खाली बसला. खाणीच्या पलीकडच्या कडेला, उन्हात, कुणीतरी गुडघ्यावर वाकून जमिनीला हात लावत होतं. एक, दोन, तीन, चार. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं तेव्हा तिथे झुडूप होतं.

नंतर चौकशी झाली. साहेबही आले होते. “इतक्या लहान पोरीला ही वाट ठाऊक कशी?” त्यांनी विचारलं. “कुणी दाखवली तिला?”

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या तोंडात पदराचा बोळा होता.

“काय सांगू साहेब,” राखणदार म्हणाला. “पोर ती. गेली असेल फुलपाखरामागे.”

७

ठमीला मातीत ठेवलं त्याला आता तीन वर्षं होतील.

राखणदाराची नोकरी आहे. माळावर यंदा आमरी कधी नव्हे इतकी फुललीय, साहेबांनी पाठ थोपटली. घरी कुणी येत नाही, येऊ शकत नाही. दोघांना साधं पडसंही होत नाही. घराभोवतालचं गवत कुणीतरी वेळच्या वेळी उपटतं. दर वर्षी फुलांच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, पायरीवर काठी टेकल्याचा आवाज होतो. तेव्हा नवरा-बायको आपापल्या खिळ्यापाशी जाऊन उभे राहतात, नीट दिसतील असे. आवाज थांबला की राखणदार नोंदवही उघडतो. त्याच्या अक्षरात लिहिलेलं असतं. २१३, दिसली. २१४, दिसली. २१५, झोपलेली.

पहिल्या वर्षी ही ओळ बायकोनं वाचली आणि विचारलं, “झोपलेली म्हणजे काय हो?”

त्यानं सांगायला नको होतं. पण तोंडातून गेलं. ऐकल्यापासून बायकोचा चेहरा पालटला. ती पुन्हा वेळेवर जेवू लागली. ठमीच्या पलंगाजवळची फरशी ती रोज ओल्या फडक्यानं पुसते, त्या खिळ्याला जपून. पलंग तिनं सरकवून ठेवलाय, जागा मोकळी असावी म्हणून. सात वर्षं, ती म्हणते. सात म्हणजे काही फार नाहीत.

यंदा खिळ्याच्या दक्षिणेला, चार बोटांवर, फरशीचा एक कोपरा वर आलाय. आधी नखभर होता, आता बोटभर आहे. फटीला कान लावला तर हवेचा आवाज येतो. शिट्टीत पुरेशी फुंकर गेली नाही की येतो तसा.

बायकोनं त्यावर तारेचं टोपलं आणून ठेवलं. “येतेय हो,” ती त्याचा हात धरून म्हणाली. किती दिवसांनी हसली होती. “आली की पहिलं मी तिला एकच विचारणार आहे. बाळा, ती वाट तुला दाखवली कुणी? एवढं कळलं ना, की मग माझं काही मागणं नाही.”

“विचार,” राखणदार म्हणाला.

दुपारी तीनला बायको पाणी भरायला जाते. अर्धा तास तरी लागतो तिला. ती फाटकाबाहेर गेली की राखणदार टोपलं उचलून बाजूला ठेवतो, खात्याचे जड बूट चढवतो आणि त्या फरशीवर उभा राहतो. दोन्ही पाय जुळवून, सगळं वजन टाकून. खालून रेटा लागतो. पण तो रेटा अजून फार नाही. पोरगी पहिल्यापासून दुबळीच.